हाड, बेडी ते पत्तन : मुंबईत राहून डोगरीत लिहिणारे वेद राही

तवीकाठ

बँकेच्या बदलीने २०१३ साली जम्मूला गेलो आणि तीन वर्षं राहिलो. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली ‘बोबो’ म्हणायची. बोबो म्हणजे थोरली बहीण. त्यांच्या बैठकीत एक काचेचं कपाट होतं. त्यात मुलांना शाळेत मिळालेल्या ढाली, वैष्णोदेवीची तसबीर आणि दहाबारा पुस्तकं. एका पुस्तकाच्या पाठीवर देवनागरीत नाव होतं ‘हाड़ बेड़ी ते पत्तन’. लेखक वेद राही.

आता मराठी माणसाने हे कसं वाचावं? हाड, बेडी, आणि ‘बेडी ते पत्तन’ म्हणजे ‘पुणे ते मुंबई’सारखं काहीतरी. पत्तन शब्द मुंबई बंदराच्या सरकारी पाट्यांवर वाचलेला. मी मनाशी ठरवूनच टाकलं की ही कुणा क्रांतिकारकाची गोष्ट असणार. हाडं मोडली, बेड्या पडल्या आणि बोटीत घालून अंदमानला. (हे अंदमान पुढे परत येणार आहे.)

सप्टेंबर २०१४ मध्ये जम्मू-काश्मीरात तो भयानक पूर आला. पाऊस थांबायचं नाव घेईना. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी बोबो जिन्यातून ओरडत खाली आल्या, “तवी च हाड़ आई गेआ!” तवी ही जम्मूची नदी. ‘च’ आपला ठासून सांगण्याचा नव्हे, ‘तवी च’ म्हणजे ‘तवीत’. आणि हाड़ म्हणजे पूर.

त्या रात्री वीज नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात बोबोंनी उरलेले शब्दही सोडवून दिले. बेड़ी म्हणजे होडी. ते म्हणजे आणि. पत्तन म्हणजे होडीने नदी पार करायची जागा, तरीचा घाट. पूर, होडी आणि घाट. एकही शब्द अनोळखी नव्हता, आणि एकाचाही अर्थ मला लागला नव्हता.

मग या लेखकाच्या मागे लागलो. जन्म १९३३, जम्मू. घरचं आडनाव सराफ. वडील लाला मुल्कराज सराफ यांनी १९२४ साली ‘रणबीर’ हे साप्ताहिक काढलं. जम्मू-काश्मीर संस्थानातलं ते पहिलं वृत्तपत्र, उर्दूत. १९३० साली गांधीजींच्या अटकेनंतरच्या निदर्शनांच्या बातम्या छापल्या म्हणून संस्थानाने त्यावर बंदी घातली होती. म्हणजे मुलगा वाढला तो छापखान्याच्या शाईत, आणि ती शाई उर्दूची. वेद राहींनी लिहायला सुरुवात उर्दूतच केली, मग हिंदी आणि डोगरी, म्हणजे जम्मूकडची भाषा. पुढे डोगरी सुटली नाही. आधी ‘काले हत्थ’ हा कथासंग्रह, मग ‘धारें दे अत्थरूं’ हे नाटक, आणि १९६० साली वर सांगितलेली कादंबरी.

१९६० हे साल जरा अधोरेखित करतो. डोगरीत कादंबरी हा प्रकार जवळजवळ नव्हताच, आणि त्या एका वर्षात तीन कादंबऱ्या आल्या. नरेन्द्र खजूरियांची ‘शानो’, मदनमोहन शर्मांची ‘धारां ते धूड़ां’ आणि ही तिसरी. तिघेही तेव्हा तिशीच्या आतबाहेर. आपल्याकडे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, म्हणजे आपल्या कादंबरीने शंभरी ओलांडली होती तेव्हा तिकडे बारसं चाललं होतं. ज्या भाषेत अजून कुणी कादंबरी लिहीत नाही, तिच्यात कादंबरी लिहायला बसायचं. संवाद कसे लिहायचे, निवेदनाची डोगरी कुठल्या गावची घ्यायची, सगळं स्वतःच ठरवायचं. मला तर विचारानेच घाम फुटतो.

आणि मग हा माणूस मुंबईला आला. हिंदी चित्रपटात. रामानंद सागरांकडे उमेदवारी, ‘पराया धन’, ‘आप आये बहार आई’ अशा चित्रपटांचं लेखन, पुढे स्वतः दिग्दर्शन. ‘प्रेम पर्बत’ (१९७३), ‘काली घटा’ (१९८०). दूरदर्शनवर ‘गुल गुलशन गुलफाम’. आणि २००१ साली ‘वीर सावरकर’.

हो, तोच. आपल्या बाबूजींचा, सुधीर फडक्यांचा.

हा चित्रपट मी थेटरात पाहिला होता, वडिलांबरोबर. दिग्दर्शकाचं नाव पडद्यावर आलं असणारच. वाचलं असणारच. पण डोक्यात शिरलं नाही. तेरा वर्षांनी जम्मूत मेणबत्तीच्या उजेडात ते नाव समोर आलं तेव्हा कुठे शिरलं. अंदमानबद्दलचा माझा तर्क असा आडवळणाने खरा ठरला.

इथे कुणी डोगरी वाचलंय का? निदान हिंदी अनुवादातून?

---

सुमन_डोंबिवली

गुल गुलशन गुलफाम!! अहो ती मालिका लागली की आमच्याकडे भांडी तशीच राहायची. परीक्षित साहनी, दल सरोवर, आणि हाउसबोटींची ती तीन नावं. मला कितीतरी वर्षं वाटायचं की त्या तीन बहिणी आहेत. दिग्दर्शक डोगरी लेखक होता हे आज कळलं.

---

जुनी_तबकडी

तवीकाठ, ‘प्रेम पर्बत’चा उल्लेख दोन शब्दांत उरकलात त्याबद्दल निषेध. “ये दिल और उनकी निगाहों के साये” त्यातलंच ना! जयदेव, जाँ निसार अख्तर, लताबाई. चित्रपटाच्या प्रती हरवल्याचं गाण्यांचे शौकीन सांगत आले आहेत, मी तरी तो पाहिलेला एकही माणूस भेटवू शकलेलो नाही. गाणी तेवढी उरली.

आणि तुमच्या विषयाला धरून एक गोष्ट. त्याच चित्रपटातलं “मेरा छोटा सा घर बार” हे गाणं पद्मा सचदेव यांचं आहे. डोगरीतल्या सगळ्यात नावाजलेल्या कवयित्री. डोगरीचा दिग्दर्शक, डोगरीची कवयित्री, गाणार लता मंगेशकर, आणि सगळं हिंदीत! लताबाईंनी पद्माजींची डोगरी गीतंही गायली आहेत, “भला सिपाहिया डोगरेया” शोधून ऐका. पहिल्यांदा ऐकताना शब्द कळत नाहीत आणि काही बिघडत नाही.

---

तवीकाठ

@जुनी_तबकडी, निषेध मान्य. ते गाणं बोबोंच्या घरी रेडिओवर लागलं की त्या आवाज मोठा करायच्या आणि “साडी पद्मा” (आमची पद्मा) एवढंच म्हणायच्या. मला वाटायचं कुणी नातेवाईक.

---

विसोबा_खेचरे

धागा रोचक, पण एक खवचट प्रश्न विचारतोच. २०११ च्या जनगणनेत डोगरी बोलणारे साधारण २६ लाख. पुणे महापालिकेच्या हद्दीत त्याहून जास्त माणसं राहतात. त्यातले वाचणारे किती, त्यातले कादंबरी विकत घेणारे किती? लेखक मुंबईत राहतो, पोट हिंदीवर, वाचक शेकड्यांत. मग डोगरीत लिहिणं ही हौस झाली. हौसेला वाईट म्हणत नाही मी, पण तिला ‘कारकीर्द’ म्हणू नये.

---

तवीकाठ

विसोबा, प्रश्न खवचट नाही, सरळ आहे. मीही बोबोंना साधारण हेच विचारलं होतं. त्यांनी उत्तर म्हणून कलाड़ी तव्यावर टाकली. (ही तिकडची चीजसारखी वस्तू, स्वतःच्याच तुपात खरपूस होते.) म्हणाल्या, ही जम्मूच्या बाहेर कोण खातं? म्हणून काय करायची नाही?

पण जरा गंभीरपणे. त्या पिढीच्या डोगरी लेखकांना ‘वाचक किती’ हा प्रश्न सुचणं शक्यच नव्हतं, कारण त्यांच्यापुढे ‘ही भाषा आहे का’ हाच प्रश्न होता. पंजाबीची बोली म्हणून तिची बोळवण व्हायची. १९४४ साली जम्मूत डोगरी संस्था स्थापन झाली ती याच भांडणातून. साहित्य अकादमीने डोगरीला मान्यता दिली १९६९ साली. आठव्या अनुसूचीत ती गेली २००३ च्या घटनादुरुस्तीने, बोडो, मैथिली, संथाळीबरोबर. जम्मू-काश्मीरची राजभाषा झाली थेट २०२० साली. अकादमीच्या दारात उभं राहायचं तर हातात काय हवं? कविता पुरत नाहीत, त्या प्रत्येक बोलीत असतातच. गद्य हवं. कादंबरी हवी, नाटक हवं. १९६० च्या त्या तीन कादंबऱ्या म्हणजे ‘आम्ही भाषा आहोत’ याचे कागदोपत्री पुरावे होते म्हणा ना.

बँकवाल्याची खोड म्हणून सांगतो, नोटेच्या मागच्या बाजूला ज्या पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते त्यात कोकणी आहे, नेपाळी आहे. डोगरी अजून नाही.

---

मायनाक_भंडारी

आम्हा मालवणी बोलणाऱ्यांना यातलं सगळं कळतं. बाकी चालू द्या.

---

डोंगरवाट

‘धारें दे अत्थरूं’चा अर्थ कुणी सांगेल का? तलवारीची धार की दुधाची धार?

---

तवीकाठ

दोन्ही नाही. तुमचं सदस्यनाम पाहता तुम्हालाच कळायला हवं! आपण गिर्यारोहक म्हणतो ना, ‘सोंडेवरून धारेवर आलो’, ती धार. डोंगराची धार, डोंगररांग. अत्थरूं म्हणजे अश्रू. ‘डोंगरांचे अश्रू’. १९६० च्या त्या दुसऱ्या कादंबरीच्या नावातही धारा आहेतच. डोग्र्यांच्या मुलखात मान वर केली की धार दिसते, त्यामुळे शीर्षकात ती यायचीच.

गंमत उच्चाराची आहे. आपण वाचतो ‘धारें’. डोगरी माणूस म्हणतो ते आपल्या कानाला ‘तारें’ असं ऐकू येतं, सूर जरा खाली दाबून वर उचललेला. घ झ ढ ध भ शब्दाच्या सुरुवातीला आले की ती भाषा त्यांना अशी वागणूक देते, पंजाबीसारखीच. घोडा लिहितात आणि ‘कोडा’सारखं काहीतरी बोलतात. मी पहिले सहा महिने बँकेत देवनागरी बघून डोगरी बोलायचो आणि लोक मला हिंदीत उत्तर द्यायचे.

---

रंगपीठ

नाटकांचा विषय निघाला म्हणून लिहितो. राष्ट्रीय महोत्सवात जम्मूच्या ‘नटरंग’ संस्थेचं ‘घुमाई’ पाहिलं होतं, बलवंत ठाकूरांचं. एक अक्षर कळलं नाही आणि शेवटी डोळे पुसत बाहेर आलो.

डोगरी नाटकाची सुरुवात कळली तर वेद राहींचं नाटक कुठून आलं ते कळतं. १९४८ साली टिकरी गावात रामनाथ शास्त्रींचं ‘बावा जित्तो’ झालं. सभागृह नाही, तिकीट नाही, समोर शेतकरी बसलेले. बावा जित्तो हा त्यांचाच माणूस. त्याने जमीनदाराकडून पडीक जमीन खंडाने घेतली, घाम गाळून गहू पिकवला. रास पाहून जमीनदाराची नियत फिरली, ठरल्यापेक्षा जास्त वाटा मागू लागला. जित्तोने त्या गव्हाच्या राशीवर बसून स्वतःच्या पोटात कट्यार मारून घेतली. रक्ताने भिजलेला गहू घेऊन जा म्हणाला. झिडी गावात आजही कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास त्याची जत्रा भरते, लाखो लोक येतात. ही गोष्ट रंगमंचावर आली ती जमीन सुधारणांची चर्चा राज्यात तापलेली असताना. लोकदैवत आणि ताजं राजकारण एकाच राशीवर.

त्यानंतर दहाबारा वर्षं डोगरी नाटक खेड्याकडे तोंड करूनच उभं राहिलं. ‘सरपंच’ घ्या, ‘नमां ग्रां’ (नवं गाव) घ्या. वेद राहींचं ‘धारें दे अत्थरूं’ त्याच रांगेतलं. माझं मत विचाराल तर त्या काळातली ही नाटकं आज वाचताना थोडी भाषणबाज वाटतात. पण आपलं त्या वेळचं गावसुधारणेचं नाटक तरी वेगळं कुठे होतं?

---

अश्विनी_मास्तरीण

नरेन्द्र खजूरियांचं नाव वर एका ओळीत येऊन गेलं, त्यांच्यासाठी थांबायलाच हवं. वेद राही आणि ते एकाच वर्षी जन्मलेले, १९३३. खजूरिया शाळामास्तर होते, आडवळणाच्या डोंगरी गावांतल्या शाळांवर नेमणुका. त्यांची माणसं तिथूनच आली. कथा, कादंबरी, नाटक सगळं लिहिलं आणि १९७० साली गेले, सदतिसाव्या वर्षी. त्याच वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार, डोगरीला मिळालेला अगदी पहिला, त्यांच्या ‘नीला अंबर काले बादल’ला. घ्यायला ते नव्हते.

एक जण जम्मूच्या डोंगरात राहिला आणि एक मुंबईला गेला. मला व्यक्तिशः पहिल्याबद्दल जास्त ओढ वाटते, मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं काढलीत म्हणूनही असेल. वेद राहींना पुरस्कार मिळाला १९८३ साली, ‘आले’ या कथासंग्रहाला. तेव्हा त्यांना मुंबईत येऊन बरीच वर्षं झाली होती. एवढी वर्षं लांब राहून कथा डोगरीतच सुचत राहिल्या याचं मात्र नवल वाटतं.

---

विसोबा_खेचरे

मास्तरीणबाई, तोच तर माझा मुद्दा आहे. लांब राहून सुचतात त्या आठवणी असतात. त्या गावातल्या आजच्या माणसाची भाषा त्यात कुठून येणार?

---

तवीकाठ

विसोबा, इथे तुमचं थोडं पटतं. पण मग त्यांची ‘लल द्यद’ ही कादंबरी घ्या. चौदाव्या शतकातली काश्मिरी संत कवयित्री लल्लेश्वरी. तिथे ‘आजचा माणूस’ हा प्रश्नच नाही.

मी ही हिंदी अनुवादात वाचली. तिची दंतकथा सगळ्या काश्मीरला पाठ आहे. पांपोरला सासर. सासू जेवायला वाढताना ताटात दगड ठेवायची आणि वर भाताचा पातळ थर पसरायची, म्हणजे बघणाऱ्याला ताट भरलेलं दिसावं. लल्ला तेवढा भात खायची, दगड धुऊन जागेवर ठेवायची, बोलायची नाही. एकदा घरी मेजवानी होती, पाणवठ्यावर मैत्रिणींनी चिडवलं, आज तर तुझी चंगळ. ती म्हणाली, घरात मेंढा कापोत की कोकरू, लल्लाच्या ताटात दगड ठरलेला. पुढे तिने घर सोडलं, शैव गुरू केला, आणि तिचे ‘वाख’ हे काश्मिरी भाषेतलं सर्वांत जुनं लखलखीत काव्य ठरलं. हिंदूंची लल्लेश्वरी, मुसलमानांची लल्ला आरिफा.

मला यात थबकायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. जम्मू आणि काश्मीर हे जोडनाव आपल्याला एका दमात म्हणायची सवय आहे, पण तिथे राहिलं की मधला ‘आणि’ किती जड आहे ते कळतं. १८४६ पासून १९४७ पर्यंत डोग्रा राजे काश्मीरवर राज्य करत होते. काश्मिरी माणसाच्या आठवणीत डोग्रा म्हणजे बेगार आणि सारावसुली. आणि जम्मूवाल्यांची तक्रार की सगळं लक्ष खोऱ्याकडे. अशा दोन शेजाऱ्यांत एक डोगरी लेखक उठतो आणि शेजाऱ्याच्या आजीवर (द्यद म्हणजे आजीच) आपल्या भाषेत कादंबरी लिहितो. हे जम्मूत घरी बसून सुचलं असतं का, मला शंका आहे. मुंबईचा उपयोग इथे झाला असावा. लांबून दोन्ही घरं एकाच डोंगरावर दिसतात.

---

सुमन_डोंबिवली

ताटातला दगड वाचून गलबलून आलं. आपल्या जनाबाईचं दळण आणि हिचं जेवण. तिच्याबरोबर दळायला विठोबा तरी यायचा.

---

घुमान_२०१५

अवांतर: घुमानच्या साहित्य संमेलनाला आम्ही आठ जण गेलो होतो, परतीला पठाणकोटवरून जम्मूला गेलो. नामदेव महाराज त्या पट्ट्यात हिंडले ते साधारण लल्लाच्याच काळाच्या आगेमागे. संमेलनात पंजाबीवर भरपूर बोललं गेलं. तिथून काही तासांवर डोगरी सुरू होते हे मात्र आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. जम्मूत राजमा-भात खाल्ला आणि फोटो काढून परत आलो. हा धागा तेव्हा हवा होता.

---

काळेपाणी

सावरकर चित्रपटाबद्दल कुणी बोलतच नाही. मला विचाराल तर पटकथा विस्कळीत, तुकडे जोडल्यासारखी. शैलेंद्र गौर शोभले, पण

---

भगवा_झंझावात

काळेपाणी, तुमच्यासारख्यांनी बोलूच नये. सावरकर समजायला

---

संपादक मंडळ

वरील दोन आणि त्याखालचे अकरा प्रतिसाद अंशतः किंवा पूर्ण उडवले आहेत. सावरकरांवर भांडायला या संकेतस्थळावर चौदा धागे आहेत. इथे डोगरी.

---

जुनी_तबकडी

संपादकांचे आभार. चित्रपट कसा आहे ते बाजूला ठेवून दोन गोष्टी. एक, तो लोकवर्गणीतून उभा राहिला. बाबूजींनी आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली, पैसे संपायचे, काम अडायचं, पुन्हा झोळी घेऊन निघायचे. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये तो लागला, जुलै २००२ मध्ये बाबूजी गेले. अशा निर्मात्याबरोबर काम करायला धीर लागतो. वेद राहींच्या नावावर निदान तेवढा धीर जमा करा.

दोन, आपण सगळे इथे ‘दिग्दर्शक’ आणि ‘चित्रपट’ हे शब्द वापरतोय, ते मराठीला सावरकरांनी दिले असं मानलं जातं. भाषाशुद्धीवाल्या सावरकरांवरचा चित्रपट उर्दूत लिहायला शिकलेल्या, डोगरीत कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने हिंदीत केला. मला हे फार आवडतं. का ते विचारू नका.

---

विसोबा_खेचरे

‘कारकीर्द’ शब्द मागे घेतो. म्हणजे, ‘हौस’ मागे घेतो. तुम्हाला कळलं. ललद्यद हिंदीत कुठे मिळेल?

---

तवीकाठ

माझी प्रत पाठवतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पेन्सिलच्या खुणा आहेत, चालवून घ्या.

---

सुमन_डोंबिवली

तवीकाठ, काल रात्री धागा वाचून झोपले आणि आज बाबांची लोखंडी पेटी उघडली. वर्षातून एकदा उघडते, कागद ओलसर होतात म्हणून. एलआयसीचे जुने हप्ते, रेशनकार्ड, आणि त्यात सावरकर चित्रपटाच्या वर्गणीची पावती. एकशे एक रुपये. तारीख पुसली गेलीय. बाबा गिरणीत होते, संप फसल्यावर घरी बसलेले, त्यांच्याकडे १०१ रुपये आले कुठून हे आईलाही सांगता येईना. चित्रपट लागला तेव्हा ते नव्हते.

---

तवीकाठ

सुमनताई, आज बोबोंना फोन केला होता. ब्याऐंशीच्या झाल्या. तुमच्या पावतीचं सांगितलं. हा चित्रपट त्यांनी कधी पाहिलेला नाही. म्हणाल्या, त्या मुलीला विचार, पावतीवर आपल्या वेदचं नाव आहे का.

---

सुमन_डोंबिवली

नाही हो. सही बाबांची आहे आणि एक कुणाची तरी, वाचता येत नाही. सांगा त्यांना की चित्रपट पुन्हा बघणार आहे, आणि या वेळी सुरुवातीपासून बसणार आहे. नावं येतात तेव्हापासून.